इलेक्ट्रिक गिटारचे पार्ट: ठाणे-नवी मुंबईत स्वस्त आणि बरे कुठे मिळतात?

कोपरी_ते_कोपरखैरणे

मंडळी, मदत हवी आहे. थोडं पाल्हाळ लावतो, सांभाळून घ्या.

इंजिनीअरिंगला असताना घेतलेली स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या) धर्तीची एक गिटार अठरा वर्षं आईच्या घरी माळ्यावर पडून होती. गणपतीत मखराचं सामान काढताना खोळीसकट खाली आली. नेक (गिटारची मान) अजून सरळ आहे, याचंच नवल वाटलं. बाकी अवस्था अशी: व्हॉल्यूमचा पॉट (टोपीखालचा फिरता भाग) फिरवला की पापड भाजल्यासारखा आवाज, ब्रिजवर तारा टेकतात त्या सॅडलना खाडीच्या हवेने इतका गंज चढलाय की स्क्रू हलत नाहीत, तारा ताणायचे दोन ट्यूनर आपोआप सैल होतात, आणि जॅकमध्ये केबल घातली की ती हाताने धरून बसावं लागतं.

म्हटलं, आपणच करू. इंटरनेटवर एका विक्रेत्याकडून 'स्ट्रॅटला बसणारा' ट्रेमोलो ब्रिज (दांडीने सूर हलवता येतो असा) मागवला. दिसायला चकचकीत. जुना काढून नवा ठेवला तर सहा भोकांपैकी एकच जुळतं! एक जुळवलं की बाकीची पाच सरकतात. शिवाय खालचा ठोकळा इतका लांब की गिटारच्या पाठीतून बाहेर डोकावतो. विक्रेता म्हणतो, बॉक्स फोडला, आता परत घेणार नाही. ₹२,२०० गेले.

तर विचारायचं हे की गोखले रोडवर, वाशीत, कुठेही पार्ट मिळतात का? वाद्यांच्या दुकानांत विचारलं, तिथे तारा, पिक आणि कॅपो यापुढे गाडी जात नाही. आणि हे सगळं जमलं तर पुढे स्वतः एक बॉडी बनवायचंही डोक्यात आहे. हसू नका.

तळ्यातमळ्यात

पार्ट बदलण्यात जेवढे घालवाल तेवढ्यात नवी गिटार येईल की हो. भावनेच्या भरात जाऊ नका.

कोपरी_ते_कोपरखैरणे

येईल, मान्य. पण या गिटारवर सिगरेटचा एक डाग आहे, तो माझ्या रूममेटचा आहे. तो आता नाही. नव्या गिटारला तो डाग येणार नाही.

तळ्यातमळ्यात

सॉरी. करा दुरुस्त.

अर्धवट_बॅसिस्ट

पार्टच्या दुकानाआधी स्टेशनरीच्या दुकानात जा आणि स्टीलची पट्टी घ्या, जमलं तर व्हर्नियर. तुमच्या ब्रिजचं काय झालं ते न बघता सांगतो. जुन्या अमेरिकन मापाच्या सहा स्क्रूच्या ब्रिजमध्ये पहिल्या आणि सहाव्या स्क्रूच्या मध्यांत साधारण ५६ मिमी अंतर असतं. आशियात बनलेल्या बहुतेक स्वस्त गिटारींत तेच ५२.५ मिमी, म्हणजे दोन स्क्रूंमध्ये १०.५. साडेतीन मिमीचा फरक कुठलाही स्क्रू ड्रायव्हर मिटवत नाही. ठोकळ्याचंही तसंच. मूळ स्ट्रॅटची बॉडी जवळपास ४५ मिमी जाड. तुमची मोजा, ४० ते ४२ भरेल. पूर्ण लांबीचा ठोकळा त्यातून बाहेर येणारच.

तेव्हा ब्रिजसाठी तीन मापं लिहून ठेवा: स्क्रूंचं अंतर, तारांचं अंतर, बॉडीची जाडी. ट्यूनरसाठी हेडस्टॉकच्या (नेकच्या टोकाच्या) भोकाचा व्यास. नवीन पद्धतीच्या बंद ट्यूनरना १० मिमी लागतो, जुन्या पद्धतीच्यांना पावणेनऊच्या आसपास. मोठं भोक छोट्याला चालवता येतं, रूपांतराच्या रिंगा मिळतात. उलट केलंत तर हेडस्टॉकवर ड्रिल चालवावं लागतं आणि तिथेच लाकूड फाटतं. मी फाडलंय.

आणि ट्रस रॉडला (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईला) हात लावायच्या आधी किल्ली इंचातली की मिमीतली ते बघा. जुन्या अमेरिकन फेंडरना बऱ्याचदा १/८ इंचाची लागते, म्हणजे ३.१७५ मिमी. आपल्याकडच्या सेटमधली ३ ची आत जाते, जरा फिरते आणि कोपरे खाऊन टाकते. तुमच्या आशियाई गिटारला बहुधा ४ किंवा ५ मिमी असेल.

झणझणीत

वाचनखूण साठवली आहे. माझ्याही माळ्यावर एक मढं आहे.

सोल्डरताई

विजेच्या बाजूचं माझ्याकडे. मी ऐरोलीला राहते, दिवसा बोर्ड दुरुस्त करते आणि रात्री पेडल उघडून बसते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जा. ठाण्याहून फास्टने दादर, तिथून वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोड. रविवारी जाऊ नका, शटरं बघून परत याल. पण 'गिटारचा पॉट द्या' असं म्हणालात तर कुणी ओळखणार नाही. तिथे मागायचं ते पोटेन्शिओमीटर, आणि २५० के (किलोओहम) मिळेलच असं नाही, कारण बाजारात सर्रास चालणारी मूल्यं २२० के आणि ४७० के. घाबरू नका. सिंगल कॉइलला (एका वेटोळ्याच्या पिकअपला, म्हणजे तारेचं कंपन पकडणाऱ्या भागाला) २५० ऐवजी २२० चालतो, हंबकरला (दोन वेटोळ्यांच्या पिकअपला) ५०० ऐवजी ४७०. चांगल्या कंपनीच्या पॉटमध्येही २० टक्के इकडे-तिकडे असतंच. २५० लिहिलेला महागडा पॉट मी २१३ भरलेला पाहिलाय.

खरी फसगत होते ती ए आणि बी मध्ये. हल्लीच्या आशियाई पॉटवर ए म्हणजे लॉग, म्हणजेच ऑडिओ टेपर (कानाला आवाज सारखा बदलतो असा), आणि बी म्हणजे लिनिअर (रोध सारखा बदलतो असा). जुन्या युरोपीय पद्धतीत ए म्हणजेच लिनिअर असायचा आणि तसा जुना माल पेट्यांतून अजून निघतो. म्हणून अक्षरावर विश्वास ठेवू नका. दुकानातच मल्टिमीटर लावा, दांडा मधोमध आणा आणि मधल्या पायापासून दोन्ही कडांचा रोध बघा. दोन्हीकडे सारखा आला तर लिनिअर. एका बाजूला एकूणाच्या दहा-पंधरा टक्केच आला तर ऑडिओ. व्हॉल्यूमला लिनिअर लावलात तर दहापासून तीनपर्यंत काही होत नाही आणि मग आवाज एकदम तळाला जातो. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू द्या, दोन जास्तीचे घ्या.

दांडा बघून घ्या. रेडिओ-अँप्लिफायरच्या पॉटला गुळगुळीत ६ मिमी दांडा असतो, स्ट्रॅटची प्लास्टिकची टोपी दातेरी, चिरलेल्या दांड्यावर बसते. गुळगुळीत दांडा मिळाला तर बाजूने स्क्रूने आवळायची टोपी घ्यायची. अमेरिकन पॉटच्या गळ्याला ३/८ इंचाचं, साडेनऊ मिमीच्या आसपासचं भोक लागतं, छोट्या पॉटना त्याहून लहान. लहान पॉट मोठ्या भोकात वॉशर टाकून बसतो, उलट असेल तर पिकगार्ड (पुढचा प्लास्टिकचा पत्रा) कानशीने घासत बसा.

कपॅसिटरवर एक रुपयाही जास्त घालवू नका. टोनला ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरॅड. वर २२३ किंवा ४७३ असा आकडा छापलेला साधा पॉलिएस्टर घ्या. तेलातले, कागदातले, पन्नास वर्षं जुने कपॅसिटर कानाला गोड लागतात म्हणे. तोच आकडा भरत असेल तर डोळे मिटून फरक ओळखून दाखवा, मी मामलेदारला मिसळ खाऊ घालते.

जॅक मात्र जाड पत्र्याचा, उघडा, ६.३५ मिमीचा घ्या. तुमची निम्मी खरखर तिथे असेल.

अर्धवट_बॅसिस्ट

कपॅसिटरच्या मुद्द्यावर मी वाद घालणार होतो, पण मिसळीचं ऐकून गप्प बसलो. हरलो तर बिल कोण देणार ते आधी ठरवा.

सोल्डरताई

हरणारा. पाव मात्र ज्याचे त्याने.

पामबीच_पन्नाशी

पाच पोझिशनचा स्विच पण तिथे मिळेल का? माझा दुसऱ्या आणि चौथ्या जागी मधेच मुका होतो.

सोल्डरताई

काका, तो लॅमिंग्टनला नाही मिळत, गिटारचाच लागतो. पण आधी स्वच्छ करून बघा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, गंज सोडवायचा तेलकट स्प्रे नाही, तो धूळ धरून ठेवतो. तुमची दुसरी आणि चौथी जागा ही मुळात वादकांनी शोधलेली आहे. १९५४ ची स्ट्रॅट आली तेव्हा स्विच तीनच जागांचा होता. लोक तो मधे अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवायचे. कंपनीने पाच जागांचा स्विच दिला १९७७ मध्ये.

रबाळेकर

उशिरा आलो, दुसरी शिफ्ट होती. ब्रिजच्या ठोकळ्याबद्दल बोलतो, कारण तो माझा धंदा. टीटीसी एमआयडीसीत मिलिंगवर आहे.

स्वस्त ब्रिजचा ठोकळा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. ओळखायला फ्रिजवरचं चुंबक घेऊन फिरा. चिकटलं तर पोलाद, नाही चिकटलं तर जस्त किंवा पितळ, आणि पितळ खालून कानस मारली की पिवळं दिसतं. चकचकीत क्रोमवर जाऊ नका, क्रोम शेणावरही चढवता येतो (आमचे फोरमन म्हणतात). ओतीव ठोकळ्यात दांडीचे आटे लवकर झिजतात आणि दांडी लोंबायला लागते.

यावर उपाय ठाणेकरांच्या दाराशी आहे. वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापेत छोट्या जॉबवर्कच्या गाळ्यात जुना ठोकळा नमुना म्हणून न्या आणि पितळेचा किंवा माइल्ड स्टीलचा करून मागा. दोन गोष्टी सांभाळा. एक, 'गिटार' शब्द काढू नका, भाव वाढतो. चौकोनी ठोकळा, सहा आरपार भोकं, वर तीन आटे, बाजूला एक आटा, खाली स्प्रिंगांची भोकं, बस. दुसरं, बाजूचा आटा कुठला ते तपासून सांगा. आशियाई दांडीला बहुधा एम६ (मिमीतला आटा), अमेरिकन दांडीला १०-३२ (इंचातला). दोन्ही एकमेकांत चालत नाहीत. भोकं पायरीची हवीत, खालून तारेचा गोळा शिरेल एवढी आणि वर तार निघेल एवढीच. हे कागदावर काढून द्या, तोंडी सांगितलंत तर सरळ आरपार भोक पाडून देतील आणि गोळा वरून बाहेर येईल.

एका नगाचं काम कुणाला नको असतं. महिनाअखेरीला जाऊ नका, तेव्हा डिस्पॅचची घाई असते. दुपारच्या चहाला जा.

झणझणीत

'गिटार शब्द काढू नका' 😂 लग्नाच्या हॉलवाल्याला 'लग्न' सांगायचं नाही त्यातला प्रकार.

कोपरी_ते_कोपरखैरणे

अहो, सोनं आहे हे सगळं! मापं घेतली. स्क्रूंचं अंतर ५२.५, बॉडी ४१, ट्यूनरचं भोक १०. बॅसिस्टभाऊ, न बघता सांगितलंत.

आता एक शंका. पूर्वी मित्र चीनच्या ॲपवरून पार्ट मागवायचे, ते आता दिसत नाही?

अर्धवट_बॅसिस्ट

अलीएक्सप्रेस नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने बंद केलेल्या ४३ ॲपमध्ये होतं. आता जे येतं ते इथल्या विक्रेत्यांमार्फत किंवा परदेशी दुकानातून थेट. थेट मागवताना फक्त वस्तूची किंमत बघू नका, त्यावर कस्टम आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क धरून हिशेब करा. ₹७०० च्या वस्तूला एकट्याने मागवणं वेडेपणा आहे, तिघा-चौघांनी मिळून एक पार्सल करा.

माझ्या मते बाहेरचं घ्यायचं ते तीनच: ट्यूनर, फ्रेट वायर (नेकवरच्या आडव्या पट्ट्यांची तार) आणि पिकअप. ट्यूनरमध्ये जपानी गोतोह उत्तम पण महाग. कोरियात बनणारे विल्किन्सनचे किमतीच्या मानाने फार बरे, ब्रिजसुद्धा, आणि ५२.५ च्या मापात मिळतो.

मिरजमेल

नटबद्दल (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी मूळ मिरजेचा, सध्या घणसोली. आमच्या शेजारी सतारमेकरांची आळी, तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं हे वाचलं असेलच. तिथे हाडाच्या पट्ट्या सहज असतात. सुट्टीत गेलो की चार-पाच घेऊन येतो. स्वस्त गिटारचा नट पोकळ प्लास्टिकचा असतो, तो काढून हाडाचा लावला की मोकळ्या तारेचा आवाज उघडतो. नटची रुंदी मोजा, स्ट्रॅटची ४२ च्या आसपास.

खाचा पाडायच्या खास कानशी महाग आहेत. मी गॅस वेल्डिंगची नोझल साफ करायच्या सुयांचा जुडगा वापरतो, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, वेगवेगळ्या जाडीच्या खरबरीत सुया असतात. सरळ कामाला सोनाराची बारीक कानस. मुंबईत नागदेवीला दोन्ही मिळतं.

खाच खोल गेली तर रडू नका. खाचेत खायचा सोडा भरा आणि वर फेव्हिक्विकचा एक थेंब. क्षणात दगड होतो, धूर निघतो, तोंड लांब ठेवा. मग पुन्हा कोरा.

सोल्डरताई

मिरजमेल, हाडाची एक पट्टी माझ्या नावाची बाजूला ठेवा, प्लीज. वडापाव माझा.

शिसवी

बॉडी बनवायची म्हणताय म्हणून लाकडाविषयी. सुतारकाम हा माझा छंद आहे, धंदा नाही, तेव्हा मीठ घालून घ्या.

पहिला मोह होतो जुन्या दाराच्या सागाचा. सुकलेलं असतं, स्वस्त असतं, रेघा सुंदर. पण साग जड, शिवाय तेलकट, त्यामुळे दोन फळ्या जोडताना आधी सांध्यावर थिनर पुसावं लागतं, नाहीतर सरस नीट धरत नाही. मी केलेली सागाची बॉडी घेऊन दोन तास उभा राहिलो, तिसऱ्या तासाला बाम लावला. शिवण बघा. हलकं, आणि पावसाळ्यात कमी फुगतं-आकसतं. तून मिळालं तर त्याहून छान. सतार-तानपुऱ्याला तेच लाकूड वापरतात आणि ते महोगनीच्याच कुळातलं आहे. वखारवाल्याला 'सुकलेलं' म्हणून विचारलंत तर तो हो म्हणणारच. फळी आणून वजन करा, तारीख टाकून मागे पेन्सिलने लिहा, पंख्याखाली उभी ठेवा आणि दर पंधरवड्याला पुन्हा वजन करा. वजन उतरायचं थांबलं की सुकली. माझी ठाण्याच्या हवेत चार महिने उतरत होती.

फ्रेटबोर्डला आपलं शिसव आहेच, जगभरच्या गिटारींवर भारतीय शिसव जातं. २०१७ मध्ये त्यावर साइट्सचे (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) निर्बंध आले तेव्हा तयार वाद्यांचीही कागदपत्रं लागायची, २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यं आणि त्यांचे तयार भाग त्यातून सुटले. इथे एका बोर्डाला तुम्हाला त्याची झळ नाही, पण बाहेर पाठवणार असाल तर लक्षात ठेवा.

नेक मात्र पहिल्या खेपेला विकत घ्या. ट्रस रॉडची खाच आणि फ्रेटची जागा अर्धा मिमी चुकली तरी गिटार आयुष्यभर बेसूर. विकत घेताना नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ६४८ आलं तर फेंडरचं माप, ६२८ च्या आसपास आलं तर गिब्सनचं. ब्रिजची जागा त्यावरूनच ठरते.

रंगासाठी गॅरेजवाल्याला पकडा. डुको मारणारे कारागीर आपल्या कुठल्याही स्प्रे कॅनपेक्षा सरस मारतात. फक्त नेकचा खड्डा चिकटपट्टीने झाकून द्या.

पामबीच_पन्नाशी

पिकअप स्वतः गुंडाळता येतो का हो? सहज विचारतोय. (सहज नाही, बायको माहेरी गेली आहे.)

सोल्डरताई

येतो काका, संयम हवा. तार लागते ४२ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं अमेरिकन माप), आपल्याकडे मोटर वाइंडिंगची तार एसडब्ल्यूजीत (ब्रिटिश मापात) मागतात, तिथे ४६ नंबर मागा, साधारण ०.०६ मिमी. केसापेक्षा फार जाड नाही. स्ट्रॅटच्या पिकअपला सुमारे ८,००० वेढे. मी आईच्या शिलाई मशीनच्या मोटरवर केला, बोटांत फेल्टचा तुकडा धरून. पहिल्या वेळी तीन हजारांच्या पुढे कुकरची शिट्टी झाली, मी दचकले, तार तुटली. दुसऱ्या वेळी झाला, मीटरवर ५.८ किलोओहम आला आणि मी बिल्डिंगभर सांगत सुटले. शिलाई मशीन मात्र अजून जरा तिरकं शिवतं.

विकतचा घेणार असाल तर मीटर लावून बघाच. सिंगल कॉइल ६ च्या, जुन्या धर्तीचा हंबकर ८ च्या आसपास. चार तारांचा हंबकर असेल तर रंगांवरून आंधळेपणाने जोडू नका, सेमूर डंकनमध्ये गरम तार काळी असते, डिमार्झिओत लाल. आकृती कंपनीची बघा, शेजाऱ्याची नको.

कोपरी_ते_कोपरखैरणे

(सात आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, हिशेब द्यायला.

लॅमिंग्टनहून तीन पॉट, दोन ४७३, एक जॅक. ताई, 'ए' लिहिलेला एक पॉट खरंच लिनिअर निघाला! दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मी मीटरकडे, मग त्याने गुपचूप दुसरी पेटी काढली. विल्किन्सनचे ट्यूनर आणि ५२.५ चा ब्रिज आले, दोन्ही एकही भोक न पाडता बसले. ब्रिजसोबतचा ठोकळा तसाच ठेवलाय, ४१ मिमीत मावतो. वागळेत मात्र जाऊन आलो, हौस म्हणून पितळेचा करायला टाकलाय. रबाळेकर, 'गिटार' बोललो नाही, पण नमुन्यातल्या भोकात तारेचा तुकडा अडकलेला होता, त्यावरून म्हातारबाबांनीच विचारलं, "गिटारचं का?" भाव वाढला नाही. त्यांचा मुलगा वाजवतो.

एक घोटाळा झाला. सगळं जोडल्यावर भुंगा, आणि तारांना हात लावला की कमी. दोन रात्री शोधलं.

सोल्डरताई

हात लावल्यावर कमी होतो म्हणजे ब्रिजची तार जोडलेली आहे, शिल्डिंग कमी पडतंय. पिकगार्डच्या मागे तांब्याची चिकटपट्टी लावा आणि ती ग्राउंडला जोडा. घरच्या सॉकेटला अर्थिंग आहे का तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या बिल्डिंगींत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं, आणि हा प्रश्न भुंग्यापुरता नाही, जिवाचा आहे.

कोपरी_ते_कोपरखैरणे

तपासलं. शोभेचंच होतं. सोसायटीत अर्ज दिलाय, तोवर भाऊजींकडे जाऊन वाजवतो.

डाग आहे तसाच ठेवलाय. रंगवणाऱ्याने 'घासून काढू का' विचारलं होतं.

आणि तो पहिला ५६ मिमीचा ब्रिज पडून आहे. कुणाची अमेरिकन मापाची बॉडी असेल तर पाचशेला देतो. ठोकळ्याला चुंबक चिकटत नाही, आधीच सांगतो.

झणझणीत

मला द्या. माझं मढं ४५ मिमीचं आहे, मोजलं, आणि भोकंही ५६ ची. रविवारी संध्याकाळी तलावपाळीला भेटू, गडकरीच्या समोर.

रबाळेकर

चुंबक घेऊन जा.